बावचीचं तेल, चैत्रातलं ऊन आणि माझी नडगी

गच्चीवरची_सुमेधा | १९ मे, रात्री १०.४०

आधी केलेला आगाऊपणा सांगते, मग प्रश्न विचारते.

दीड वर्षापूर्वी उजव्या नडगीवर मसुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका आला. बघता बघता रुपयाएवढा झाला, मग शेजारी दोन पिल्लं घातली. त्वचेच्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून जांभळट दिवा पायावर धरला, तर डाग ताज्या चुन्यासारखा चमकला. "कोड आहे, घाबरायचं कारण नाही," म्हणाल्या. मलम दिलं. दोन महिने लावलं, फरक शून्य. (दोन महिने हा काळ फार कमी आहे हे आता कळलंय. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.)

सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे बावची लावायचे." मग काय, काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीच्या तेलाची बाटली आणि वर शंभर ग्रॅम बी आणलं. दुकानदार म्हणाला, तेल लावा आणि कोवळ्या उन्हात बसा. कोवळं ऊन पडतं तेव्हा मी डबे भरत असते. म्हणून साडेअकराला गच्चीवर बसले, पंचवीस मिनिटं. एप्रिल महिना.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नडगी शांत. म्हटलं औषध लागूच पडत नाहीये, चाळीस मिनिटं बसू. तिसऱ्या दिवशी सकाळी सलवारीचा काठ लागला तरी आग होत होती. संध्याकाळपर्यंत द्राक्षाएवढे फोड, डागावर आणि आजूबाजूच्या चांगल्या कातडीवरही. तीन आठवडे गेले बरं व्हायला.

आता गंमत पाहा. खपल्या पडल्यावर डागाच्या कडेची कातडी काळीकुट्ट झालीय, त्यामुळे पांढरं अजूनच पांढरं दिसतं. पण डागाच्या आत, अगदी मधोमध, मोजून सात तपकिरी ठिपके आलेत. पांढऱ्या भातावर मिरपूड पडावी तसे. दीड वर्षात पहिल्यांदा.

तर बाटली फेकू की ठेवू?

निंबोणी | १९ मे, रात्री ११.०५

बापरे, वाचतानाच पाय आखडून घेतला. आधी पाय सांभाळ गं. बाकी जाणकार येतीलच.

मसालापान | १९ मे, रात्री ११.२१

फेका. सगळा झाडपाला एका पिशवीत बांधून फेका. लोक दुकानातून काहीही आणून अंगाला फासतात आणि मग धागे काढतात. औषध असतं तर डॉक्टरांनी दिलं नसतं का?

कातडीबचाव | २० मे, सकाळी ७.१५

मसालापान, थोडं दमानं. डॉक्टरांनी हेच औषध दिलं आहे, पन्नास वर्षं.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ओपीडीच्या आधी घाईत लिहितोय. बावचीत सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं. नुसतं लावून ते फारसं काही करत नाही. ऊन लागलं की जागं होतं. उन्हातल्या अतिनील-ए किरणांनी (३२० ते ४०० नॅनोमीटर) ते पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं, दोन्ही धाग्यांना गाठ मारतं. त्यातून एकीकडे कातडी भाजते, दुसरीकडे रंग बनवणाऱ्या पेशी चाळवल्या जातात. सोरॅलेन आणि यूव्हीए (म्हणजे अतिनील-ए) मिळून 'पुवा'. आमच्या पिढीने पुवावरच शिक्षण घेतलं.

सुमेधाताई, तुमची मोठी चूक दुसऱ्या दिवशी झाली. साध्या उन्हाची भाज दिवसभरात कळते. सोरॅलेनची भाज दोन-तीन दिवसांनी वर येते. तुम्ही शांत नडगी पाहून डोस वाढवलात, तेव्हा पहिल्या दिवसाचं भाजणं अजून वाटेवर होतं. म्हणूनच दवाखान्यात पुवा कधी रोज देत नाहीत, मध्ये किमान एक दिवस सोडतात. शिवाय पोटातून घेतलेल्यापेक्षा वरून लावलेलं सोरॅलेन जास्त भाजतं. आम्ही पातळ केलेलं द्रावण लावून अगदी थोड्या किरणांपासून सुरुवात करतो. तुम्ही एप्रिलच्या साडेअकराला थेट पंचवीस मिनिटं.

सात ठिपक्यांबद्दल संध्याकाळी लिहितो. ते खरे आहेत.

बांधावरचा | २० मे, दुपारी १.३०

शहरातल्यांनी बावची बाटलीतच पाहिली असणार, म्हणून लिहितो. आमच्याकडे (परभणी) पावसाळ्यात बांधाला, पडीक रानात आपोआप उगवते. कमरेएवढी होते, फार तर छातीएवढी. पान गोलसर, कडेला दातरे, आणि उन्हाकडे धरलं की पानभर बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. फुलं इवली, निळसर जांभळी. शेंग म्हणजे एकच बी, वर काळं टरफल घट्ट चिकटलेलं. पिकल्यावर हातात चोळलं की बोटं चिकट होतात आणि एक उग्र गोडसर वास दिवसभर जात नाही. चावलं तर कडू, मागून तिखट.

गुरं तोंड लावत नाहीत. आमची आजी बी वाटून गुराच्या खरजेला लावायची. माणसाला लावताना कधी पाहिलं नाही.

खलबत्ता | २० मे, सायं. ५.५०

मी वैद्य आहे, आणि या धाग्यावर सर्वात जास्त राग मला त्या दुकानदाराचा आला आहे.

बाकुची, सोमराजी, अवल्गुज ही हिचीच नावं. श्वित्रावर, म्हणजे कोडावर, हिचा वापर जुना आहे. पण चरकात श्वित्राची चिकित्सा वाचलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल. तिथे मलपू म्हणजे काळ्या उंबराचा रस गुळाबरोबर द्यायला सांगितला आहे, आणि मग रुग्णाला ऊन घ्यायला लावलं आहे. किती ऊन? त्याला झेपेल तेवढं. पुढे हेही आहे की डागावर फोड आले तर ते काट्याने फोडावेत. म्हणजे फोड येतात हे त्यांना ठाऊक होतं, तो उपचाराचा भाग धरला होता, आणि वैद्य समोर बसलेला होता. तुमच्या गच्चीवर कोण होतं?

दुसरं, बावची पोटातून द्यायची तर आधी शोधन. बी गोमूत्रात सात दिवस भिजवायचं, रोज गोमूत्र बदलायचं, मग टरफल काढून वाळवायचं. हे काम कुणी घरी करू नये, आणि शोधन झालेलं आहे असं पुडीवर लिहिलंय म्हणून विश्वासही ठेवू नये. ते शंभर ग्रॅम बी चुकूनही पोटात घेऊ नका.

आणि 'सोमराजी' म्हणून काही ठिकाणी कडू जिरं दिलं जातं. ती वेगळी वनस्पती आहे, कारळ्यासारखं लांबट बी असतं. बावचीचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, काळं, चपटं. घेणाऱ्याला फरक कळत नाही आणि विकणाऱ्याला कळून उपयोग नाही.

मसालापान | २० मे, सायं. ६.०२

म्हणजे दोघंही एकच सांगताय? हा धागा माझ्या अपेक्षेप्रमाणे चाललेला नाही.

पाषाणकर_निवृत्त | २० मे, रात्री ९.३०

मसालापान, अजून थोडी निराशा करतो.

सोरॅलेन हे नावच बावचीच्या 'सोरॅलिया' या वनस्पतिशास्त्रीय नावावरून आलं. ते बावचीच्या बियांतून वेगळं काढलं १९३३ साली, जोइस, मंजुनाथ आणि वेंकट राव या आपल्याच रसायनशास्त्रज्ञांनी. इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणारी अम्मी माजुस नावाची वनस्पती तिथले लोक याच रोगावर, याच पद्धतीने वापरत होते. खायची आणि उन्हात बसायचं. १९४०च्या दशकात कैरोच्या डॉ. एल मोफ्ती यांनी तिच्यातलं शुद्ध द्रव्य रुग्णांना दिलं. ते सोरॅलेनचंच भावंड निघालं. १९७४ साली अमेरिकेत पुवाचा निबंध आला, तो सोरायसिसवर. त्याच्या चार लेखकांत एक नाव पाठक आहे.

खलबत्ता यांनी लिहिलेला काळा उंबर वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तो अंजिराच्या कुळातला, आणि अंजिराच्या चिकात सोरॅलेन असतं हे पक्कं माहीत आहे. अंजीर तोडणाऱ्यांच्या हातांवर उन्हात फोड येतात ते त्यानेच. लिंबू पिळून तसेच उन्हात फिरायला गेलेल्यांच्या हातावर आठवड्याने जे ओघळासारखे काळे डाग दिसतात, तीही याच घराण्याची करामत. परभणीचा बांध, नाईलचा काठ, चरकाचा उंबर, तीन वेगळ्या झाडांपाशी माणसं रेणूंच्या त्याच एका घराण्यापर्यंत पोचली, रेणू म्हणजे काय हे माहीत नसताना.

आता घरचा अभिमान. बावचीतलं दुसरं द्रव्य, बाकुचिऑल, हे १९६६ साली आमच्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून जगासमोर आलं. गोवर्धन मेहता, नायक आणि सुख देव. सुख देवांचा दरारा असा की त्यांच्या नावाने आम्ही काचेची भांडी दोनदा धुवायचो.

टेम्सकाठी | २१ मे, रात्री २.१०

अय्या, बाकुचिऑल! इथे लंडनमध्ये प्रत्येक सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात आहे. सुरकुत्यांवरचं रेटिनॉल सोसत नाही त्यांच्यासाठी म्हणून विकतात. हे आपल्या बावचीवरून आलंय हे मला आत्ता कळतंय. माझी बाटली तीस मिलीची आणि किंमत सांगत नाही, आई वाचते हा धागा.

एक शंका. भारतातून येताना बावचीचं तेल आणलं तर स्वस्तात तेच काम होईल ना? चेहऱ्यावर रात्री लावलं तर?

कातडीबचाव | २१ मे, सकाळी ७.०५

टेम्सकाठी, नाही, नाही, नाही. ओपीडीला उशीर झाला तरी चालेल, हे आधी लिहितो.

बाकुचिऑल आणि बावचीचं तेल एक नव्हेत. प्रसाधनांसाठी बाकुचिऑल शुद्ध करताना सोरॅलेन काढून टाकलेलं असतं. तेलात दोन्ही असतात, आणि किती असतात ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते चेहऱ्यावर लावून सकाळी बाहेर पडलात तर सुमेधाताईंची नडगी तुमच्या गालावर येईल.

बाकुचिऑलचं म्हणाल तर २०१९ साली एक नीट चाचणी झाली आहे. ४४ माणसं, १२ आठवडे, अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा विरुद्ध अर्धा टक्का रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि काळसरपणा दोन्हींत सारखाच कमी झाला, रेटिनॉलवाल्यांना सालपटं आणि चुरचुर जास्त. चाचणी छोटी आहे, पण काहीच नाही असंही नाही.

आता सात ठिपके. कोडात कातडीवरच्या रंगपेशी जातात, पण केसाच्या मुळाशी खोलवर त्यांचा राखीव साठा बऱ्याचदा शिल्लक असतो. उपचार लागू पडला की रंग तिथून वर चढतो, म्हणून तो सलग न येता ठिपक्यांनी येतो. सुमेधाताई, भिंग घेऊन पाहा, प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये एक केस सापडेल. केस काळा असेल तर आशा जास्त. डागावरचा केसच पांढरा झाला असेल तर साठा संपला. म्हणून बोटांची टोकं, ओठ, तळवे, जिथे केस नाहीत, तिथले डाग फार हट्टी. चेहरा सर्वात गुणी.

पण याचा अर्थ 'पुन्हा भाजू' असा नाही. कोडाची खोड अशी की जिथे खरचटतं, भाजतं, घासतं, तिथे नवा डाग येऊ शकतो. तुमच्या सात ठिपक्यांसाठी शेजारी सत्तर मिलिमीटर नवा पांढरा पट्टा मिळाला असता. नशीब.

दहीभात | २१ मे, सकाळी ११.४०

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं हे कुणीच कसं लिहिलं नाही? सुमेधाताई, आठवून पाहा.

गच्चीवरची_सुमेधा | २१ मे, दुपारी १२.१५

दहीभात, मी शाकाहारी आहे.

ठिपकेवाली | २१ मे, दुपारी ३.००

अकराव्या वर्षापासून मला आहे. आता चौतीस. या धाग्यावर औषधाबद्दल मी लिहू शकेन असं फार थोडं आहे, ते सगळं करून झालंय. बावचीही. आजीने लेप लावून मला अंगणात पाटावर बसवलं होतं, तेव्हा मी पाचवीत होते. हैदराबादला युनानीवाल्या सरकारी संस्थेत बाबांनी नेलं, तिथे या रोगावर वर्षानुवर्षं काम चालतं, रांग पाहून मी पहिल्यांदा इतकी सारी माझ्यासारखी माणसं एकत्र पाहिली. बरं वाटलं. औषधापेक्षा त्यानेच.

दहीभात, तुमच्यासारखं विचारणारे काका-काकू प्रत्येक लग्नात भेटतात. बघायला आलेल्यांपैकी एकाने "हे कुष्ठ तर नाही ना" असं माझ्यासमोर माझ्या आईला विचारलं. ते कुष्ठ नाही. कुष्ठाच्या डागावर स्पर्श कळत नाही, माझ्या डागावर डास बसला तरी कळतो. आणि कुष्ठ असतं तरी काय, त्यालाही बरं करणाऱ्या गोळ्या आहेत.

सुमेधा, बाटली फेक. ठिपक्यांचे फोटो काढून ठेव, एकाच जागी, एकाच उजेडात, महिन्याला एक. रोज बघितलं की वेड लागतं.

खलबत्ता | २१ मे, सायं. ६.२०

ठिपकेवाली, धन्यवाद. यात आमच्या शास्त्राचाही थोडा दोष आहे. श्वित्राचं वर्णन कुष्ठाच्याच अध्यायात आहे, जरी ते कातडीपुरतंच राहतं, स्रवत नाही असं वेगळं सांगितलेलं असलं तरी. पुढे 'पांढरं कुष्ठ' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. मी माझ्या दवाखान्याच्या पाटीवरून 'कुष्ठ' शब्द काढून 'त्वचाविकार' लिहिलं, त्या महिन्यात कोडाचे रुग्ण वाढले.

दहीभात, विरुद्धाहार ग्रंथात आहे. पण ताटात काय होतं हे विचारून कुणाचा डाग गेलेला मी पाहिलेला नाही.

निंबोणी | २१ मे, रात्री ९.१५

माझ्या जावेला कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग आलाय. तिने बावची लावावी का नाही हा प्रश्न आता मी विचारणार नाही, पण ते कोडच असतं का?

कातडीबचाव | २१ मे, रात्री १०.३०

बहुतेक टिकलीच्या गोंदाचा डाग असेल. गोंदातलं एक रसायन रंगपेशी मारतं. स्वस्त रबरी चपलांच्या पट्ट्याखालीही तसेच डाग येतात. आधी टिकली बंद, कुंकवाची काडी वापरा, आणि दाखवून घ्या. लहान मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे आणि घामाने पाठीवर येणारी शिबं हेही लोक कोड समजून बावची घासत बसतात. शिबं बुरशीची असतात, ती साध्या मलमाने जातात.

सुमेधाताईंच्या मूळ प्रश्नाला उत्तर, मग मी गप्प. सोरॅलेनच्या गोळ्या आणि यूव्हीए आम्ही आता फार कमी देतो. गोळीनंतर दिवसभर काळा चष्मा, मळमळ, लहान मुलांना आणि गरोदरपणात नको, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास गोऱ्या कातडीच्या देशांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्याजागी नॅरोबँड यूव्हीबी आलं, ३११ नॅनोमीटरचा दिवा, आठवड्यातून दोन-तीनदा, सोबत सोरॅलेन लागतच नाही. जोडीला टॅक्रोलिमससारखं मलम. डाग वर्षभर स्थिर असेल तर चांगल्या कातडीतल्या रंगपेशी काढून डागावर रुजवताही येतात. २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिबच्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली, पण खिशाला मोठी चाट.

आणि बावची पोटातून घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, एका देशातल्या नव्हे. खलबत्ता यांनी बजावलंच आहे, मीही बजावतो.

मसालापान | २१ मे, रात्री १०.५२

माझ्या पहिल्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागे घेतो. 'फेका' मात्र ठेवतो.

गच्चीवरची_सुमेधा | २३ नोव्हेंबर, रात्री ९.५०

धागा वर आणते, रागवू नका.

जूनपासून आठवड्यातून दोनदा दिवा घेतेय. दवाखान्यात एका उभ्या कपाटासारख्या पेटीसमोर पाय धरायचा, पहिल्या दिवशी काही सेकंद, आता साधारण दोन मिनिटं. रिक्षाचं भाडं उपचारापेक्षा जास्त होतंय, हेही लिहून ठेवते, कारण असं कुणी सांगत नाही. पावसाळ्यात तीन फेऱ्या बुडल्या.

भिंगातून पाहिलं होतं मे महिन्यातच. सातही ठिपक्यांत केस होता, काळा. ठिपकेवाली म्हणाली तसे महिन्याला फोटो काढले, बाथरूमच्या खिडकीशी, सकाळी आठला. मधला डाग आता नकाशासारखा झालाय, ठिपके एकमेकांना मिळून बेटं झालीत. पिल्लांपैकी एक बुजलंय. दुसरं, घोट्याजवळचं, ढिम्म. एप्रिलमधली काळी कड फिकी होत चाललीय, पण आहे.

बाटली त्याच आठवड्यात कचऱ्यात टाकली, कापडात गुंडाळून, म्हणजे कुणी उचलून लावू नये. बी मात्र फेकवलं नाही. बांधावरच्या दादांचं वाचून दहा बिया कुंडीत टाकल्या. दोनच उगवल्या, एक मावा पडून गेली. उरलेली आता माझ्या कमरेपर्यंत आलीय आणि तिला ती निळसर जांभळी फुलं आलीत, तुम्ही लिहिलीत तेवढीच इवली. पान उन्हाकडे धरून पाहिलं, खरंच ठिपके आहेत. मग हात साबणाने दोनदा धुतले आणि सावलीत गेले.

सासूबाई विचारत होत्या, तेल कधी काढायचं.

बांधावरचा | २४ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

ताई, एका झाडाच्या बियांतून चमचाभरही तेल निघत नाही, आईंना सांगा. माव्यासाठी साबणाचं पाणी फवारा. आणि शेंगा काळ्या पडल्या की हातमोजे घालून तोडा.